रुग्णालयातील कर्मचारी हिपॅटायटिस बीची लस का टाळतात?

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

दरवर्षी २८ जुलैला जागतिक हिपॅटायटिस दिन पाळला जातो. त्या दिवशी जिल्ह्याजिल्ह्यांतील रुग्णालयांत फलक लागतात, बाह्यरुग्ण विभागात एखादे व्याख्यान होते, मोफत तपासणी होते आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात त्याची बातमीही येते. हे सारे आवश्यकच आहे. मात्र ज्या कर्मचाऱ्यांचा रुग्णाच्या रक्ताशी रोज संबंध येतो त्या परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, वॉर्डातील मावशी आणि मामा, शवागारातील व धुलाई विभागातील माणसे आणि जैववैद्यकीय कचरा वाहून नेणारे कामगार यांच्यापैकी किती जणांनी हिपॅटायटिस बी या रक्तातून पसरणाऱ्या यकृताच्या रोगाच्या लसीचे तिन्ही डोस पूर्ण केले आहेत, हा प्रश्न अशा कार्यक्रमांत सहसा विचारला जात नाही. मी परिचारिका म्हणून आणि नंतर संसर्ग नियंत्रणाचे काम पाहताना हा प्रश्न सातत्याने विचारत आले आहे. लस फुकट देऊ केली तरी अनेक जण ती टाळतात, पुढे ढकलतात किंवा पहिला डोस घेऊन थांबतात. ‘शिकलेसवरलेले नाहीत, त्यांना काय कळणार’ असे म्हणून व्यवस्थापन मोकळे होते. हा समज मला मान्य नाही. टाळणाऱ्यांकडे कारणे असतात, त्यांतली बरीचशी ऐकून घेण्याजोगी असतात, आणि ती ऐकून न घेता काढलेली परिपत्रके सूचनाफलकावरच राहतात, म्हणून हे पत्र.

आधी धोक्याविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतात २०२२ साली सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना हिपॅटायटिस बीची दीर्घकालीन लागण झालेली होती. यांतील बहुसंख्य लोकांना आपल्याला हा आजार आहे याची कल्पनाही नसते, कारण डोळे पिवळे होणे, भूक मरणे ही लक्षणे अनेकांत दिसतच नाहीत. म्हणजे समोरच्या खाटेवरचा रुग्ण बाळंतपणासाठी आलेला असो की हाड मोडून आलेला असो, तो बाधित आहे की नाही हे त्याच्याकडे पाहून सांगता येत नाही. बाधित रुग्णाच्या रक्ताने माखलेली सुई लस न घेतलेल्या माणसाला टोचली तर लागण होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के असते. एचआयव्हीच्या बाबतीत हीच शक्यता सुमारे ०.३ टक्के आहे. शिवाय हा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्ताच्या डागातही किमान सात दिवस तग धरून राहतो. असे असूनही सुई टोचली की वॉर्डात पहिला प्रश्न ‘पेशंट पॉझिटिव्ह आहे का?’ हाच असतो आणि त्याचा अर्थ एचआयव्ही एवढाच घेतला जातो. तो अहवाल निगेटिव्ह आला की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि ज्या रोगाचा धोका कितीतरी पटींनी जास्त आहे आणि ज्याच्यावर खात्रीची लसही आहे, त्याची चौकशी राहून जाते.

सुई टोचते कशी, हेही वाचकांना कळायला हवे, कारण बाहेरच्या माणसाला वाटते की ही जोखीम इंजेक्शन देणाऱ्याची. प्रत्यक्षात वापरलेली सुई हब कटरने कापून पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात टाकायची असते. रात्रपाळीत एका सिस्टरकडे तीस-चाळीस रुग्ण असतात, कटर वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला असतो किंवा त्याचे पाते बोथट झालेले असते, आणि घाईत सुई ट्रेमधील कापसाखाली राहते. तो कापूस पिवळ्या पिशवीत जातो. पहाटे मावशी ती पिशवी दाबून तिचे तोंड बांधतात, उचलून मांडीला टेकवत जिन्याने खाली नेतात आणि पिशवीतून आरपार आलेले टोक त्यांच्या हाताला किंवा मांडीला लागते. ती सुई कोणत्या रुग्णाची, हे त्या वेळी कोणालाच सांगता येत नाही. मावशी जखम नळाखाली धरतात, पदराचे टोक दाबून ठेवतात आणि पुढची पिशवी उचलतात. नोंदवहीत याची नोंद होत नाही, कारण नोंद केली तर आधी ‘हातमोजे का घातले नव्हते?’ हे ऐकावे लागते. हातमोजे घालावेतच, पण पातळ रबर सुईला अडवत नाही.

आता कर्मचारी काय म्हणतात ते सांगते. ‘इतकी वर्षं हेच काम करतेय, मला काही झालं नाही’ हे उत्तर सर्वांत जास्त ऐकू येते. त्याखालोखाल ‘हात दुखला तर लादी कोण पुसणार?’ आणि ‘काविळीची लस मी मागेच घेतली’. या शेवटच्या उत्तरात बऱ्याचदा पाण्यातून पसरणाऱ्या काविळीशी गल्लत झालेली असते, किंवा लहानपणी सगळ्या लसी झाल्या म्हणजे हीही झाली असेल असे गृहीत धरलेले असते. हिपॅटायटिस बीची लस सरकारी लसीकरणात प्रायोगिक स्वरूपात २००२ च्या सुमारास आली आणि देशभर पोहोचायला २०११ उजाडले. त्यामुळे आज कामावर असलेल्या बहुतेकांच्या लहानपणी ती सरकारी दवाखान्यात मिळतच नव्हती. तरुण परिचारिकांना गरोदरपणाची काळजी असते. या लसीत जिवंत विषाणू नसतो, यीस्टमध्ये तयार केलेले विषाणूच्या आवरणाचे एक प्रथिन असते, त्यामुळे गरोदरपणात आणि अंगावर पाजतानाही ती घेता येते, हे त्यांना कोणी बसवून सांगितलेले नसते. हात एखाददोन दिवस दुखतो, हे मात्र खरे आहे आणि ते लपवू नये. ज्या दिवशी लस द्यायची त्या दिवशी जड काम थोडे वाटून देणे हे प्रभारी सिस्टरच्या हातातले काम आहे.

पण ही सगळी वरची कारणे झाली. खरे कारण बहुधा खोलीचे दार लावल्यावरच बाहेर येते. ‘सिस्टर, टेस्टमध्ये काही निघालं तर ठेकेदार मला ठेवेल का?’ अनेक ठिकाणी लस देण्याआधी रक्ततपासणी सक्तीची केलेली असते, तिचा अहवाल बंद पाकिटात न येता कार्यालयाच्या टेबलावरून फिरतो, आणि बाधित निघालेल्या माणसाला दुसऱ्या दिवसापासून ‘येऊ नको’ असे सांगितल्याचे सगळ्यांनी पाहिलेले असते. ज्या बाईच्या पगारावर घर चालते ती अशी तपासणी टाळणार नाही तर काय करणार? तिचे हे वागणे मला अजिबात अडाणीपणाचे वाटत नाही. एचआयव्हीबाधितांना नोकरीतील भेदभावापासून २०१७ च्या कायद्याने संरक्षण दिले, हिपॅटायटिस बीच्या रुग्णांसाठी मात्र असा वेगळा कायदा नाही. वैद्यकीयदृष्ट्या पाहिले तर बाधित व्यक्तीने वॉर्डात, स्वयंपाकघरात, नोंदणीच्या खिडकीवर किंवा सफाईत काम करायला काहीही हरकत नाही. विचार करावा लागतो तो काही विशिष्ट शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या बाबतीत, आणि तोही रक्तातील विषाणूंचे प्रमाण पाहून. शिवाय आधीच लागण झालेल्या माणसाला लस दिली तर तिचा उपयोग होत नाही, पण अपायही होत नाही. म्हणून लसीकरण तपासणीवर अडवून ठेवू नये. लस सर्वांना द्यावी, तपासणी ज्याला हवी त्याने स्वेच्छेने करावी, अहवाल फक्त त्याच्याच हातात पडावा आणि बाधित निघाल्यास त्याला हिपॅटायटिस नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून मिळणाऱ्या मोफत औषधांपर्यंत पोहोचवावे, एवढे जरी लेखी आणि जाहीरपणे सांगितले तरी लस घ्यायला पुढे येणाऱ्यांची संख्या वाढेल, असे माझे ठाम मत आहे.

आरोग्य क्षेत्रातील माणसांनीच लसीबद्दल शंका घेण्याची ही पहिली वेळ नाही. १९८१ साली अमेरिकेत या रोगाची पहिली लस आली तेव्हा ती बाधित लोकांच्या रक्तद्रवापासून तयार केली जात असे. त्याच सुमारास एड्सची चर्चा सुरू झाली होती, आणि या लसीतून एड्स होईल या भीतीने तिकडच्या अनेक डॉक्टरांनी व परिचारिकांनी ती नाकारली. लस शुद्ध करण्याच्या प्रक्रियेत विषाणू नष्ट होतात हे सिद्ध झाले, तरी भीती गेली नाही. १९८६ मध्ये रक्ताशी काहीही संबंध नसलेली, यीस्टपासून बनवलेली लस आली. १९९१ मध्ये तिथे नियम झाला की रक्ताशी संबंध येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला कामावर घेतल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत मालकाने ही लस फुकट देऊ केलीच पाहिजे. नको असेल त्याने तसे लिहून द्यावे, पण पुढे केव्हाही त्याचे मन बदलले तर लस फुकटच मिळावी, अशीही त्यात तरतूद आहे. नियमाचा हा दुसरा भाग मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण आज नाही म्हणणाऱ्या माणसासाठी दार कायमचे बंद होत नाही. १९८३ मध्ये तिथे वर्षाला दहा हजारांच्या घरात आरोग्य कर्मचाऱ्यांना लागण होत असे. २००४ पर्यंत हा आकडा काही शेंवर आला.

फ्रान्सची गोष्ट वेगळी आहे आणि तीही विसरता कामा नये. तिथे १९९१ पासून आरोग्य कर्मचाऱ्यांना ही लस सक्तीची होती. १९९० च्या दशकात लस घेतलेल्या काही जणांना मल्टिपल स्क्लेरॉसिस हा मज्जासंस्थेचा आजार झाल्याची चर्चा सुरू झाली आणि १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने शाळांमधील लसीकरण थांबवले. नंतरच्या अभ्यासांत लस आणि तो आजार यांचा संबंध आढळला नाही, पण लोकांच्या मनातला संशय पुढे अनेक वर्षे टिकून राहिला. विश्वास एकदा उडाला की नुसत्या अभ्यासांचे दाखले देऊन तो परत येत नाही.

आपल्याकडचा अनुभव तर अगदी ताजा आहे. १६ जानेवारी २०२१ ला देशात कोविडचे लसीकरण सुरू झाले आणि पहिला मान आरोग्य कर्मचाऱ्यांना मिळाला. पण कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचण्यांचे निष्कर्ष तेव्हा यायचे होते, ती लस ‘क्लिनिकल ट्रायल मोड’मध्ये, म्हणजे चाचणीत असते तशी, संमतिपत्रावर सही घेऊन दिली जात होती, आणि दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयातील निवासी डॉक्टरांनी आपल्याला कोविशील्डच द्यावी असे लेखी कळवले होते. महाराष्ट्रातही सुरुवातीच्या दिवसांत यादीतील बरेच जण केंद्रांवर आले नाहीत. त्या वेळी शंका घेणाऱ्यांना भित्रे ठरवले गेले, हे मला तेव्हाही पटले नव्हते. प्रश्न विचारणे हा वैद्यकीय शिक्षणाचाच भाग आहे. मार्च २०२१ मध्ये कोव्हॅक्सिनचे अंतरिम निष्कर्ष जाहीर झाले, आपल्याच सहकाऱ्यांनी लस घेतलेली रोज डोळ्यांसमोर दिसू लागली, आणि बिचकणाऱ्यांपैकी पुष्कळ जण आपणहून पुढे आले. हिपॅटायटिस बीच्या लसीबाबत तर उत्तरे देणे कितीतरी सोपे आहे. तिला चार दशकांचा अनुभव आहे, जगातील अनेक देशांत नवजात बालकांना ती जन्मानंतर चोवीस तासांत दिली जाते, आणि १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस बाजारात आणल्यापासून ती सामान्यांच्या आवाक्यात आली आहे.

एवढे असूनही डोस अपुरे राहतात, त्याला शंकेइतकीच व्यवस्था कारणीभूत आहे. वेळापत्रक शून्य, एक आणि सहा महिने असे आहे. पहिला डोस शिबिरात होतो, दुसरा आठवण करून दिल्यावर होतो, आणि तिसऱ्याची वेळ येईपर्यंत ठेकेदार बदललेला असतो. जुन्या ठेकेदाराने नोंदी नेलेल्या असतात, नवा ठेकेदार म्हणतो की हा खर्च माझ्या करारात नाही. शिवाय लसीकरण ठेवले जाते सकाळी अकरा वाजता, म्हणजे रात्रपाळी करून घरी गेलेल्या मावशींनी दोन बस बदलून परत यायचे, तेही बिनपगारी. मग त्या आल्या नाहीत की ‘उदासीनता’ असा शेरा मारला जातो. यात भर म्हणून एक गैरसमजही पसरलेला आहे, तो असा की मधला डोस चुकला तर सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागते. तसे नाही. जिथे थांबलो तिथून पुढचा डोस घ्यायचा. तीन वर्षांपूर्वी दोन डोस घेऊन थांबलेल्या कर्मचाऱ्याला आज एकच डोस पुरतो. ही एकच माहिती प्रत्येक ड्युटी रूममध्ये लावली तरी कितीतरी जणांचा कोर्स पूर्ण होईल.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार कचरा हाताळणाऱ्या सर्व आरोग्य कर्मचाऱ्यांचे आणि इतरांचे हिपॅटायटिस बी व धनुर्वातापासून लसीकरण करणे, कामावर घेताना आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा त्यांची आरोग्य तपासणी करणे, ही रुग्णालय चालवणाऱ्याची जबाबदारी आहे. ‘आमचा माणूस नाही, ठेकेदाराचा आहे’ ही सबब या नियमात बसत नाही. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमातही आरोग्य कर्मचाऱ्यांच्या लसीकरणाचा समावेश आहे. म्हणजे जबाबदारी नेमून दिलेली आहे आणि कार्यक्रमही आहे. मात्र जबाबदारी व्यवस्थापनाची असली तरी कर्मचाऱ्याचा दंड धरून लस टोचावी, असा तिचा अर्थ कोणी काढू नये. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ च्या निकालात कोणालाही लस घेण्याची बळजबरी करता येणार नाही, असे म्हटले आहे. ‘लस नाही तर पगार नाही’ असे फर्मान निघाले की खोटी प्रमाणपत्रे तयार होतात आणि खरी माहिती दडते. मग सुई टोचल्यावर कोणाला तातडीने संरक्षक इंजेक्शन द्यायचे, हेच कळत नाही. लस न घेतलेल्याला अशा वेळी लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन (विषाणूला रोखणाऱ्या तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) शक्यतो चोवीस तासांत द्यावे लागते. ते काही हजार रुपयांचे असते आणि तालुक्याच्या ठिकाणी सहज मिळतही नाही.

मग समजूत घालायची कोणी आणि कशी? माझा अनुभव असा की मोठ्या सभागृहातल्या भाषणाने कोणाचे मन वळत नाही. मावशींचा विश्वास असतो तो वॉर्डच्या प्रभारी सिस्टरवर आणि आपल्यातल्याच एखाद्या जुन्या मावशींवर. ‘सिस्टर, तुम्ही घेतली का?’ हा प्रश्न हमखास येतो, आणि त्याचे उत्तर ‘हो’ असेल तरच पुढचे बोलणे होते. म्हणून सुरुवात वरून व्हावी. अधीक्षक, शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ यांनी आपले डोस पूर्ण असल्याचे आपल्या माणसांना मोकळेपणाने सांगावे, ज्यांचे अपुरे आहेत त्यांनी सर्वांच्या समोर घ्यावेत. डॉक्टरांमध्येही तिसरा डोस राहिलेले कमी नाहीत. नंतर लसीचा डबा वॉर्डात न्यावा, तोही पाळी बदलताना, म्हणजे येणारे आणि जाणारे दोघेही भेटतात. लस दंडात द्यावी, कमरेत दिली तर तिचा परिणाम कमी होतो. प्रत्येकाला स्वतःचे कार्ड द्यावे, ते ठेकेदाराकडे ठेवू नये, आणि पुढच्या डोसची तारीख ड्युटीच्या तक्त्यावर लिहावी. बोलताना ‘तुम्हाला काय कळतं’ हा सूर नको. ‘तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते?’ असे विचारून गप्प बसावे आणि ऐकावे. कोणी नाही म्हणाले तर त्याचा मान ठेवावा, महिन्याने पुन्हा विचारावे.

भीती दाखवण्याच्याही मी विरोधात आहे. प्रौढ वयात लागण झाली तर बहुतेकांचे शरीर विषाणूला हटवते. साधारण शंभरातील पाच किंवा त्याहून कमी जणांत तो कायमचा राहतो, हे खरे सांगावे. त्याचबरोबर हेही सांगावे की ज्यांच्यात तो राहतो त्यांना पुढे यकृताचा सिरॉसिस (यकृत कडक होऊन निकामी होत जाणे) किंवा कर्करोग होऊ शकतो, औषधांनी विषाणू आटोक्यात राहतो पण सहसा पूर्णपणे जात नाही, आणि हा सगळा फेरा तीन डोसांनी टळतो. तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी रक्तातील प्रतिपिंडे मोजता येतात. ती मिलिलिटरमागे १० एमआययू (प्रतिपिंडे मोजण्याचे एकक) किंवा अधिक आली तर निरोगी माणसाला पुढे बूस्टरची गरज पडत नाही. चाळिशीनंतर, तसेच स्थूलपणा किंवा धूम्रपानाची सवय असल्यास लस थोडी कमी लागू पडते, म्हणून ‘पाहू पुढच्या वर्षी’ म्हणत ती लांबवण्यात तोटा आहे. याच कारणासाठी नर्सिंग, प्रयोगशाळा तंत्रज्ञान आणि दंतवैद्यक शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना पहिला डोस प्रवेशाच्या आठवड्यातच मिळावा आणि वॉर्डात पाऊल टाकण्यापूर्वी निदान दोन डोस झालेले असावेत.

मोठ्या रुग्णालयांत निदान संसर्ग नियंत्रण समिती तरी असते. मला जास्त काळजी वाटते ती तालुक्यातल्या दहा-पंधरा खाटांच्या नर्सिंग होमची आणि एकट्या दंतवैद्याच्या दवाखान्याची. तिथे दहावी-बारावी झालेल्या मुली पांढरा कोट घालून सुया उचलतात, उपकरणे धुतात, आणि त्यांची नोंद कोणत्याच यादीत नसते. अशा ठिकाणी दहा डोसांची एक कुपी उघडली तर ती संपत नाही, म्हणून ती आणलीच जात नाही. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या आणि दंतवैद्यांच्या संघटनेच्या स्थानिक शाखांनी शेजारशेजारच्या चार-पाच दवाखान्यांची एकत्र यादी करून एकाच दिवशी सर्वांना लस दिली, तर ही अडचण राहणार नाही. महिन्याने आणि सहा महिन्यांनी त्याच ठिकाणी पुन्हा बोलावणेही त्यांना जमेल. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी या याद्या मागवाव्यात आणि त्यांत मालकाच्या नावाआधी या मुलींची नावे आहेत की नाहीत, हे पाहावे.

आपली विश्वासू,
संसर्ग नियंत्रणाचे काम पाहणारी एक परिचारिका,
सांगली